एक दप्तर, तीन मांडण्या : डेटाबेसचा अभ्यासक्रम कसा शिकावा

संगणकशास्त्राच्या पदवीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डेटाबेसचा विषय येतो. कुठे त्याचे नाव ‘डीबीएमएस’ असते, तर कुठे ‘डेटाबेस आणि वेब डेटा तंत्रज्ञान’. सुरुवातीचे काही आठवडे तो सोपा वाटतो. मग नॉर्मलायझेशन येते, ट्रान्झॅक्शन येते, बी-प्लस ट्री येते आणि सत्र संपता संपता एक्सएमएल, जेसन, नोएसक्यूएल, आरडीएफ अशी नावे एकदम अंगावर येतात. प्रत्येक नाव सुटे वाटते. विद्यार्थी मग जुन्या प्रश्नपत्रिका शोधतो, जर्नल उतरवून काढतो आणि पास होतो. पण मुलाखतीत ‘अमुक कामासाठी टेबले कशी कराल?’ असे कोणी विचारले की अडखळतो.

यावर उपाय आहे. सत्रभर एकच डेटा हाताशी ठेवा आणि तोच तीन आकारांत मांडून पाहा. आधी टेबल, मग झाड, मग जाळे. रिलेशनल डेटाबेस म्हणजे टेबल, एक्सएमएल आणि जेसन म्हणजे झाड, आरडीएफ म्हणजे जाळे. अभ्यासक्रमातला बहुतेक भाग या तीन आकारांत बसतो. आकार निवडला की कोणते प्रश्न चटकन सुटतील आणि कोणते रडवतील हे त्याच वेळी ठरून जाते. या विषयातले मर्म तेच आहे.

थोडा इतिहास, कारण तो उपयोगी आहे

यातले झाड टेबलापेक्षा जुने आहे. १९६०च्या दशकात अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची यादी ठेवण्याच्या गरजेतून आयबीएमची ‘आयएमएस’ ही प्रणाली घडली. तिच्यात डेटा झाडासारखा लावलेला असे. यानातून भागाकडे जाणे सोपे, पण ‘हा भाग कुठे कुठे वापरला आहे?’ असे उलट विचारले की प्रोग्रॅमरची दमछाक. शिवाय साठवण्याची पद्धत बदलली की प्रोग्रॅमही बदलावे लागत. आयबीएममध्येच काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली एका शोधनिबंधात रिलेशनल मांडणी सुचवली ती या जाचातून सुटण्यासाठी. डेटा साध्या टेबलांत ठेवा, काय हवे ते सांगा, ते कसे शोधायचे ते यंत्र ठरवेल, असा तिचा गाभा. त्यावरून डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये जी भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. १९८६ मध्ये ती अमेरिकेत प्रमाणित झाली. १९९८ मध्ये एक्सएमएल आले आणि वेबवरून झाड पुन्हा परतले. त्याच्याबरोबर आयएमएसच्या काळातली अडचणही परतली. हा धागा ध्यानात ठेवलात तर शेवटची दोन प्रकरणे परकी वाटणार नाहीत.

पहिले काम : दप्तर निवडा

पुस्तकातला ‘एम्प्लॉयी–डिपार्टमेंट’चा नमुना सोडा. ज्याचे नियम तुम्हाला घरबसल्या माहीत आहेत असे दप्तर घ्या. दूध संकलन केंद्र चालेल, गावचे वाचनालय चालेल. इथे मी महिला बचत गट घेतो. दहा ते वीस सदस्य, दरमहा बैठक, प्रत्येकीची ठरलेली बचत, अंतर्गत कर्ज, त्याला जामीनदार आणि हप्त्याने परतफेड. एवढ्या सामग्रीत अख्खा अभ्यासक्रम मावतो.

नावे आणि आकडे मात्र कल्पित घ्या. खऱ्या सदस्यांचे आधार क्रमांक, फोन, कर्जाच्या रकमा कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये घालू नका. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अस्तित्वात आहे, आणि कायदा नसता तरी ते अयोग्यच ठरले असते.

टेबले करण्याआधी या दप्तराला विचारायचे दहा प्रश्न मराठीत लिहा. गटाच्या हाती आज किती रक्कम आहे? कोणाचे हप्ते थकले आहेत? एकाही कर्जाला जामीन न राहिलेल्या सदस्या कोण? हे प्रश्न सत्रभर वहीच्या पहिल्या पानावर राहू द्या.

साधने दोनच पुरेत, दोन्ही फुकट आहेत. सुरुवातीला एसक्यूलाइट घ्या. अख्खा डेटाबेस एका फाइलमध्ये राहतो, सर्व्हर लागत नाही. पण त्याच्या दोन सवयी माहीत हव्यात. फॉरेन कीची तपासणी त्यात मुळात बंद असते, ती प्रत्येक जोडणीच्या वेळी चालू करावी लागते. आणि नेमक्या दशांशासाठी वेगळा प्रकार नसल्याने रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी. ट्रान्झॅक्शनच्या प्रकरणाला पोहोचलात की पोस्टग्रेसक्यूएलकडे वळा.

टेबल : आधी नियम, मग रेघा

बहुतेक गटांत एकच मोठे रजिस्टर असते. बैठक क्रमांक, तारीख, सदस्य क्रमांक, नाव, बँकेचा आयएफएससी कोड, शाखेचे नाव, बचत. हे जसेच्या तसे एका टेबलात घाला आणि मग मोडा. नॉर्मलायझेशन शिकण्याचा याहून चांगला रस्ता नाही.

या टेबलाची की आहे बैठक क्रमांक आणि सदस्य क्रमांक मिळून. पण नाव ठरते फक्त सदस्य क्रमांकावरून, तारीख ठरते फक्त बैठक क्रमांकावरून. कीच्या एका तुकड्यावर अवलंबून असलेली ही माहिती वेगळी काढली की दुसरा नॉर्मल फॉर्म. सदस्यावरून आयएफएससी कोड आणि कोडवरून शाखा, अशी साखळी तोडली की तिसरा. शाखेचे नाव बदलले तर किती ओळी दुरुस्त कराव्या लागतील, हे दोन्ही मांडण्यांत मोजून पाहा. व्याख्या आपोआप पाठ होईल.

कोणती गोष्ट कशावरून ठरते हे समोरच्या ओळी पाहून ठरवू नका. ते व्यवहाराच्या नियमावरून ठरते. आज गटात दोन सुनंदा नाहीत म्हणून नाव ही की होत नाही. महाराष्ट्रातले ताजे उदाहरण जिल्ह्यांचे आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर. ज्यांनी जिल्ह्याचे नावच प्रायमरी की केले असेल, त्यांना प्रत्येक जोडलेले टेबल उकरावे लागणार. ज्यांनी अर्थहीन क्रमांक वापरला, त्यांचे काम एका ओळीत आटोपणार.

बँक खाते क्रमांक मजकूर म्हणून ठेवा, नाहीतर सुरुवातीचे शून्य उडेल. रकमेसाठी दशांशाचा नेमका प्रकार (एसक्यूलाइटमध्ये पैशांतला पूर्णांक) वापरा, फ्लोट नको. आणि ‘बचत शून्याहून कमी नसावी’ यासारखे नियम टेबलातच लिहा. प्रोग्रॅम बदलतात, डेटा त्यांच्याहून जास्त जगतो.

एसक्यूएल : उत्तर आधी, क्वेरी नंतर

सरावाची एक शिस्त पाळा. डेटा आधी इतका लहान ठेवा की उत्तर कागदावर काढता येईल. उत्तर काढा, मगच क्वेरी लिहा. चुकीची क्वेरी क्वचितच एरर देते. ती गुपचूप चुकीचा आकडा देते, आणि तो पकडायला हातचे उत्तर लागते.

तीन ठिकाणी हमखास पाय घसरतो.

पहिले, दुहेरी जॉइन. सुनंदाच्या बचतीच्या १२ ओळी आहेत, प्रत्येकी २०० रुपये, म्हणजे २,४०० रुपये. परतफेडीच्या ३ ओळी आहेत. सदस्य टेबलाला बचत आणि परतफेड एकाच वेळी जोडून बेरीज मागितली, तर १२ गुणिले ३ अशा ३६ ओळी तयार होतात आणि बचत ७,२०० दिसते. आधी दोन्हींची बेरीज वेगवेगळी करा, मग जोडा.

दुसरे, नल. नल म्हणजे शून्य नव्हे, रिकामी जागाही नव्हे, माहीत नसणे. जामीनदाराचा रकाना काही कर्जांत नल आहे. आता ‘नॉट इन’ वापरून जामीन न राहिलेल्या सदस्या मागा. एकही नाव येणार नाही. कारण अज्ञात जामीनदार ती सदस्या नाहीच असे यंत्र खात्रीने म्हणू शकत नाही. तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा. हा प्रश्न तोंडी परीक्षेतही आवडता आहे.

तिसरे, लेफ्ट जॉइन. कर्ज न घेतलेल्या सदस्याही यादीत याव्यात म्हणून लेफ्ट जॉइन केला आणि खाली ‘व्हेअर’मध्ये कर्जाच्या रकमेवर अट घातली, तर त्या सदस्या पुन्हा गळतात. ती अट ‘ऑन’मध्ये हवी.

चॅटबॉट क्वेरी लिहून देतात आणि बऱ्याचदा बरोबर देतात. पण वरची दुहेरी जॉइनची चूक तेही करू शकतात, आणि ती ओळखायचे काम तुमचेच राहते. आधी स्वतः लिहा, मग त्यांच्याशी ताडून पाहा.

ट्रान्झॅक्शन आणि इंडेक्स : वाचू नका, घडवा

ट्रान्झॅक्शनची व्याख्या पाठ करून काही हाती लागत नाही. पोस्टग्रेसक्यूएलच्या दोन खिडक्या शेजारी उघडा. गटाकडे १०,००० रुपये शिल्लक आहेत. दोन्ही खिडक्यांत ट्रान्झॅक्शन सुरू करा आणि दोन्हींत शिल्लक वाचा. पहिलीत ८,००० कर्ज देऊन शिल्लक २,००० लिहा आणि कमिट करा. दुसरीत ७,००० देऊन ३,००० लिहा आणि कमिट करा. दप्तरात शिल्लक ३,००० दिसेल, वाटप मात्र १५,००० झालेले असेल. कसलीही एरर येणार नाही, कारण पोस्टग्रेसक्यूएलची मूळ पातळी ‘रीड कमिटेड’ आहे. आता तोच प्रयोग ‘रिपीटेबल रीड’वर करा, दुसऱ्या खिडकीला नकार मिळेल. मग ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ वापरून पाहा. दुसरी खिडकी थांबून राहील. आयसोलेशन लेव्हल, लॉक, लॉस्ट अपडेट हे तिन्ही धडे एका बैठकीत होतात.

इंडेक्ससाठी डेटा मोठा लागतो. पोस्टग्रेसक्यूएलमधल्या ‘जनरेट सिरीज’ने बचतीच्या दहा लाख ओळी तयार करा. एका सदस्येच्या ओळी मागा आणि ‘एक्सप्लेन ॲनलाइझ’ लावून वेळ लिहून ठेवा. इंडेक्स करा, पुन्हा पाहा. बी-प्लस ट्रीच्या एका नोडमध्ये शंभर फाटे असतील तर दहा लाख नोंदींपर्यंत पोहोचायला तीनच पायऱ्या लागतात, हे तेव्हा पटते. पुढे अशी क्वेरी द्या की जिला निम्म्याहून जास्त ओळी लागतील. यंत्र बहुधा इंडेक्स बाजूला ठेवून सगळे टेबल वाचेल, आणि ते त्याचे बरोबरच असते. तारखेतून वर्ष काढून तुलना केली की साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर अशी मर्यादा दिली की पडतो. अशा निरीक्षणांनी जर्नल भरा, परीक्षकाच्या लक्षात राहील.

झाड : एक्सएमएल आणि जेसन

आता तेच दप्तर झाडात मांडा. मुळाशी गट, त्याखाली बैठका, प्रत्येक बैठकीखाली त्या दिवशीच्या बचती. एक्सएमएलमध्ये करा, मग जेसनमध्ये. ‘मार्चच्या बैठकीत काय झाले?’ हे उत्तर एका फांदीवर सापडते. ‘सुनंदाची वर्षभराची बचत किती?’ यासाठी प्रत्येक फांदी चढावी लागते. सदस्याला मुळाशी धरा, की सोपे-अवघड यांची अदलाबदल होते. वहीतल्या दहा प्रश्नांपुढे टेबल आणि झाड असे दोन रकाने आखून कोणता प्रश्न कुठे सोपा, अशा खुणा करा.

एक्सएमएल कालबाह्य झाले असे समजून ते प्रकरण टाळू नका. एक्सेलच्या ‘एक्सएलएसएक्स’ फाइलचे नाव बदलून तिला ‘झिप’ करा आणि उघडा, आत एक्सएमएलच आहे. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल डिजिटल सहीसह एक्सएमएलमध्येच मिळते. दुसरीकडे प्राप्तिकर विवरणपत्राची युटिलिटी २०२१-२२ या कर आकारणी वर्षापासून एक्सएमएल सोडून जेसनवर आली, आणि जीएसटीचे ऑफलाइन टूलही जेसन फाइलच बनवते. दोन्ही वाचता आली पाहिजेत.

एक्सएमएलमध्ये ‘वेल-फॉर्म्ड’ आणि ‘व्हॅलिड’ यांतला फरक पक्का करा. टॅग नीट बंद झाले, रचना बरोबर असली की वेल-फॉर्म्ड. डीटीडी किंवा स्कीमाचे नियमही पाळले की व्हॅलिड. एक्सपाथ हाताने लिहून पाहा. जेसनमध्ये तारखेचा प्रकारच नाही, म्हणून तारीख कशी लिहायची ते आधी ठरवावे लागते. मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमध्ये परतफेडीचे हप्ते कर्जाच्या पोटात ठेवणे शहाणपणाचे, कारण ते कर्जावाचून कोणी मागत नाही. पण सदस्याचे नाव-गाव प्रत्येक कर्जात कोंबले, तर नॉर्मलायझेशनने घालवलेले दुखणे परत येते. आणि बऱ्याच कामांना वेगळा डेटाबेस लागतही नाही. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये २०१४ पासून ‘जेसनबी’ हा प्रकार आहे, टेबलाच्या एका रकान्यात झाड ठेवता येते.

जाळे : आरडीएफ आणि स्पार्कल

आरडीएफमध्ये प्रत्येक माहिती तीन पदांचे वाक्य असते. सुनंदा – जामीन राहिली – कर्ज क्रमांक ७. अशा वाक्यांचे जाळे होते आणि त्याला स्पार्कल या भाषेत प्रश्न विचारतात. ‘जामीनदाराची जामीनदार, तिची जामीनदार’ असा माग काढायला हा आकार फार सोयीचा.

सरावासाठी विकिडेटा उत्तम आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या मुक्त प्रकल्पात मराठी नावेही आहेत आणि ब्राउझरमधूनच क्वेरी चालवता येते. महाराष्ट्रातले सगळे जिल्हे, मराठी नावांसह मागा. जिल्हे ३६ आहेत. तुमच्या यादीत ३६ आले का? कमी-जास्त आले तर कारण शोधा: एखाद्या नोंदीला मराठी नाव नसेल, एखादी दोनदा आली असेल, एखादा जुना प्रशासकीय भाग घुसला असेल. आपल्या टेबलात जे नाही ते खोटे धरले जाते. वेबच्या जाळ्यात जे नाही ते फक्त अजून नोंदलेले नाही. हा फरक हाताला लागला की प्रकरण समजले.

मराठी मजकुराची काळजी

प्रोजेक्टमध्ये मराठी डेटा घालणार असाल, आणि घालावाच, तर या गोष्टी आधीच सांभाळा.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, पण काना आणि हलन्त धरून त्यात दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट होतात. ओरॅकलमध्ये लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, तिथे २० लांबीच्या रकान्यात हा शब्द मावणार नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा.

अनुक्रमही पाहा. यूनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. नुसत्या कोडच्या क्रमाने लावले तर ‘काळे’ आडनाव ‘कावळे’च्या आधी येईल. मराठीचा कोलेशन वापरला की क्रम सुधारतो.

सर्वांत छुपी अडचण ‘ऱ्या’ची. तो दोन-तीन प्रकारे टाइप होतो आणि पडद्यावर सारखाच दिसतो. ‘गोऱ्हे’ शोधले आणि सापडले नाही, तर आधी हाच संशय घ्या. यूनिकोडचे नॉर्मलायझेशन यातले सगळे प्रकार एक करत नाही, म्हणून डेटा आत घेतानाच एक रूप ठरवून टाका.

वेबवरच्या फॉर्ममधून आलेला मजकूर क्वेरीच्या वाक्यात कधीही चिकटवू नका. गोव्यातल्या वा वसईतल्या ‘डि’सोझा’ आडनावातला अपॉस्ट्रॉफीही अशी क्वेरी मोडतो; वाईट हेतूने आलेला माणूस त्याच फटीतून टेबल पुसून जाऊ शकतो. नेहमी पॅरामीटर द्या.

परीक्षा आणि पुस्तके

लेखी परीक्षेत आणि ‘गेट’मध्येही गुण देणारे प्रश्न ठरलेले आहेत: कँडिडेट की शोधणे, नॉर्मल फॉर्म ओळखणे, शेड्यूल सीरियलायझेबल आहे का ते सांगणे, बी-प्लस ट्रीमध्ये नोंद घालणे. की शोधताना अंदाज नको, क्लोजर काढा. शेड्यूलसाठी प्रिसिडन्स ग्राफ काढा. त्यात चक्र नसेल तर ते कॉन्फ्लिक्ट सीरियलायझेबल. बीसीएनएफपर्यंत गेल्यावर काही अवलंबित्वे हातची जाऊ शकतात, तिसऱ्या नॉर्मल फॉर्ममध्ये ती नेहमी राखता येतात, हेही उदाहरणासह तयार ठेवा.

पुस्तक एकच घ्यायचे तर सिल्बरशाट्झ, कॉर्थ आणि सुदर्शन यांचे ‘डेटाबेस सिस्टम कन्सेप्ट्स’ घ्या. त्याचे सहलेखक एस. सुदर्शन मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आहेत. व्हिडिओ हवे असतील तर एनपीटीईएलवरची व्याख्याने अभ्यासक्रमाला धरून आहेत. डेटाबेसच्या आत काय चालते याची ओढ लागली तर कार्नेगी मेलनचे अँडी पाव्हलो यांची व्याख्याने यूट्यूबवर फुकट आहेत. सगळे पाहायचा हट्ट मात्र धरू नका. एक व्याख्यान ऐकले की तो मुद्दा आपल्या दप्तरावर चालवून पाहा, मगच पुढचे उघडा.

सत्र संपताना तुमच्याकडे तीन गोष्टी असाव्यात: एकच डेटा तीन आकारांत, दहा प्रश्नांची तिन्हीकडची उत्तरे आणि कोणता प्रश्न कुठे सोपा गेला याचा एक पानी तक्ता. मुलाखतीला जाताना तो तक्ता वाचून जा. या आठवड्यात टेबले आखायची घाई करू नका. दप्तर निवडा आणि दहा प्रश्न लिहून काढा.